वॉर्ड महिलांसाठी राखीव

८ नोव्हेंबर, सकाळी ११
आज सोडत निघाली. आमचा वॉर्ड महिला राखीव! दोन वर्षं पार्कात येईल त्याला नमस्कार घातले, सगळे पाण्यात. एअर फोर्समधून रिटायर झाल्यापासून मला कुणी सलाम करत नाही. आता वॉर्डही गेला तर मी कोण? भीती वाटते.

११.२०
घाबरायचं कारण नाही. वीणा उभी राहील, कारभार मी बघेन. इकडे उत्तरेत बहुतेक नवरे हेच करतात. पार्टीच्या ढिल्लोंजींना फोनवर 'पक्का' सांगून टाकलं. आता फक्त वीणाला सांगायचं.

९ नोव्हेंबर
सांगितलं नाही. ती ट्यूशनच्या मुलांचे गणिताचे पेपर तपासत होती. तिच्या हातात लाल पेन असताना विषय काढायचा नसतो. उद्या चहाबरोबर नक्की.

१३ नोव्हेंबर
चहा चार वेळा झाला. पोस्टर मात्र छापून आलं. मधोमध हात जोडलेला मी, कोपऱ्यात वीणा, पासपोर्ट साइज. झकास! पलंगाच्या बॉक्समध्ये लपवलं. बेल वाजली की आधी पलंगावर जाऊन बसतो.

१५ नोव्हेंबर
सुखना लेकवर चार फेऱ्या मारून भाषण पाठ केलं. घरी आल्या आल्या तिने विचारलं, चेहरा असा का? गॅसेस, म्हणालो. ओवा चावत बसलो. वीस वर्षं बॉम्ब हाताळले, तेव्हा इतका घाबरलो नव्हतो.

१८ नोव्हेंबर, दुपारी
अर्ज उद्या भरायचा. मास्टर प्लॅन: कागद बँकेच्या केवायसीत सरकवलेत. सही करून मोकळी होईल.

संध्याकाळी ६
ती प्रत्येक पान वाचते. एवढ्या वर्षांच्या संसारात हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. कागद घेऊन आत गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

१९ नोव्हेंबर
ढिल्लोंजी आले. वीणाने त्यांना हिंदीत ठणकावून सांगितलं: उभी राहते, पण पोस्टरवर फोटो एकटीचा, आणि इलेक्शन एजंट शेजारच्या सरोजजी. माझ्याकडे न बघताच ते 'जी भाभीजी' म्हणाले.

मग नोटरीकडे शपथपत्र. पतीच्या उत्पन्नाच्या रकान्यात तिने पेन्शन लिहिलं. माझ्या व्यवसायाच्या रकान्यात 'निल'. मी हळूच सुचवलं, समाजसेवक लिही. ती म्हणाली, शपथेवर आहे, खोटं लिहिलं तर अंगाशी येईल.

मी नोटरीला बाजूला घेऊन विचारलं. मॅडम बरोबर बोलतायत, म्हणाला.