टाकीतल्या झाडांचा कर्बवायू

सर, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि मी आता तुमच्या विषयात हात घातलाय. हसू नका. लेक अकरावीला लातूरला गेली अन् तिची माशांची टाकी माझ्या गळ्यात पडली. पाच मासे, अन् तळाच्या वाळूत लावलेली हिरवी झाडं. मासे मजेत होते, झाडं मात्र पिवळी पडून कुजायला लागली. फोनवर सांगितलं तर म्हणाली, "पाण्यातल्या झाडांना सीओटू कमी पडतो, आई. तो द्यावा लागतो. राहू दे, तुला न्हाय जमायचं. दे टाकून." मला न्हाय जमायचं? तीस माणसांचा स्वयंपाक एकटीनं उरकणारी बाई मी! डोकंच फिरलं माझं. झाडं जगवूनच दाखवते म्हटलं.

बसले मोबाईल घेऊन. रीत साधी निघाली. कोल्ड्रिंकच्या मोठ्या बाटलीत साखर, कोमट पाणी अन् पाव फुगवायचं ईस्ट घालायचं. ते साखर खातं अन् कर्बवायू सोडतं. (तुम्ही कधी कार्बन डायऑक्साइड म्हणालाच न्हाईत, तुमचा कायम कर्बवायू.) झाकणाला भोक पाडून सलाईनची नळी बसवायची. ती आधी पाण्याच्या छोट्या बाटलीत सोडायची म्हणजे फेस तिथंच अडकतो, अन् तिथनं दुसरी नळी टाकीत. पहिल्या दिवशी पाणी इतकं कडक ओतलं की ईस्ट जागीच मेलं. दुसऱ्या वेळी नळीवरचं थेंब कमी-जास्त करायचं चाक बंदच राहिलं. बाटली फुगून दगडासारखी झाली, झाकण उडालं, अन् ओट्यापासून छतापर्यंत आंबूस फवारा. नवरा दारातनं म्हणतो, "अगं, घरात भट्टी लावलीस का काय? पोलीस येतील!" म्हटलं, "येऊ द्या, त्यांनाबी शिकवते."

तिसऱ्यांदा बुडबुडे आले. पण ते कर्बवायूचे की नुसत्या हवेचे, कळावं कसं? तेव्हा तुम्ही आठवलात. आपली लोहाऱ्याची शाळा, नववीचा वर्ग. घरनं चुन्याची निवळी करून आणा म्हणून तुम्ही सांगितलंय, अन् मी पानाच्या डब्यातला चुना पाण्यात घोळून तशीच पांढरीफेक बाटली घेऊन हजर. तुम्ही सगळ्यांना नळीनं फुंकायला लावता. बाकीच्यांची निवळी फुंकरीतल्या कर्बवायूनं हळूहळू दुधाळ होते. मी न फुंकताच हात वर करून ओरडते, "सर, माझी सगळ्यांच्या आधी झाली!" वर्ग लोळून हसतो. तुम्ही हसत न्हाई. "निवळी म्हणजे काय गं? निवळलेलं पाणी. तू गढूळ घेऊन आलीस. ठेव तिकडं खिडकीत. उद्या वरचं पाणी काढ अन् सगळ्यांसमोर परत कर." रडत रडत केलं मी ते. झाल्यावर तुम्ही कपाटातली एक परीक्षानळी काढून माझ्या हातात दिलीत, ठेव म्हणालात. लई दिवस मी ती उशाशी घेऊन झोपायचे.

तर या वेळी चुना दिवसभर निवळू दिला. वरचं नितळ पाणी ग्लासात घेतलं, त्यात नळी सोडली. थोड्या वेळानं दुधाळ! स्वयंपाकघरात एकटीच टाळ्या वाजवत होते.

मग रोजचं ठरून गेलं. सकाळी टाकीचा दिवा लावला की नळी आत, संध्याकाळी दिवा बंद केला की बाहेर, न्हायतर रात्री पाण्यात कर्बवायू साठून मासे वर येऊन तोंड वासतात. दर पंधरवड्याला बाटली नवी भरायची. तिसऱ्या आठवड्यात कोवळी पानं फुटली. काल दुपारी बघते तर पानापानावर बारीक बुडबुडे, प्राणवायूचे! लेकीला व्हिडिओ पाठवला. तिचा लगेच फोन. "आई, हे तू केलंस? मग तू का गं न्हाई गेलीस सायन्सला?" मी नेहमीचं उत्तर दिलं, "माझ्या वडलांनी शिकू दिलं न्हाय."

सर, तुम्हाला खरं ठाऊक आहे. दहावीच्या निकालानंतर तुम्ही आमच्या घरी आला होतात. वडील म्हणाले, "पोरीलाच विचारा. ती म्हणंल तसं." तुम्ही माझ्याकडं वळलात अन् विचारलंत, सायन्सला जाणार का. माझ्या मनात आलं, धाराशिवला एकटीनं राहायचं, इंग्रजीतनं शिकायचं, अन् नापास झाले तर गावभर हसू. मी खाली बघत म्हणाले, "मला न्हाय शिकायचं." तुम्ही चहा अर्धा ठेवून उठलात. वडील आता न्हाईत, अन् इतकी वर्षं मी तो आळ त्यांच्यावर ठेवत आले. कधी कधी तुमच्यावरबी ठेवला, परत एकदा का विचारलं न्हाई म्हणून.

लेक शनिवारी येणार आहे. तिला हे सांगायचंय, अन् सांगणारच. ती काय म्हणंल ते म्हणू दे. तुम्हाला मात्र हा कागद पाठवायची सोय न्हाय, अन् असती तरी तुमच्या हातात द्यायला माझा हात पुढं झाला नसता. मला शिकायचं होतं, सर. वडलांनी अडवलं न्हाय, कुणीच अडवलं न्हाय. मीच भ्याले.