उघड्यावर तापवलेला तुकडा

हर्सूल,
१४ डिसेंबर

प्रिय फहमिदा,

सलाम. अम्मींचा गुडघा थंडीत दुखत असेल. तू कन्नडच्या कॉलेजात अकरावीला शिकवतेस, असं आपल्या लॅबमधला जावेद म्हणाला. इकडे ठीक आहे. तलाव भरलाय. लॅबमध्ये नवी भट्टी आली.

जुन्या भट्टीचंच लिहायचं होतं.

आपला लेख गेल्या वर्षी छापून आला. आपला म्हणतोय, पण त्यात तुझं नाव नाही. माझं पहिलं आहे. गॅलियम आर्सेनाइडच्या तुकड्यावर आम्ही सूक्ष्म गोल रचना वाढवल्या, असं त्यात म्हटलंय.

तुकडा भट्टीतून काढला त्या दिवशी त्या पाहून सर “मोती, मोती!” करत होते. तू म्हणालीस, “मोती कुठले सर, पसीना है ये. तापल्यावर आर्सेनिक आधी उडालं, गॅलियम थेंब होऊन मागं राहिलं. या येड्यानं वर दुसरा तुकडा पालथा घातला नसणार, नाहीतर ते आतच कोंडलं असतं.”

सगळे हसले. सर हसले नाहीत. “गोकुळ, झाकण होतं ना?”

मी हो म्हणालो. महिन्याभरात तू लॅब सोडलीस.

आता एका वाचकानं मासिकाकडे शंका काढली आहे. सरांना तुझ्याकडून दोन ओळी हव्यात: प्रयोग तुझ्यासमोर झाला, झाकण होतं. “तू माग, तुझं ऐकेल ती,” म्हणाले. मी बरं म्हणालो. म्हणून हे पत्र.

परवा दोन्ही तऱ्हांनी तापवून पाहिलं. झाकलेला तुकडा आरशासारखा निघाला. उघड्यावर तेच थेंब.

पाहायची गरज नव्हती. मूळ प्रयोगाच्या दिवशी करमाडला मुलगी बघायला जायचं होतं, घाईत झाकण राहिलं. ती मुलगी, संस्कृती, आता माझी बायको आहे. माझ्या पीएच.डी.मुळे गल्लीत तिला डॉक्टरीणबाई म्हणतात. ती पदवी याच लेखावर मिळाली, नोकरीही.

त्या दोन ओळी देऊ नकोस, असं लिहिणार होतो. म्हणजे नकारही तुझ्याच तोंडून. सरांपुढे उभं राहून सांगायला मी धजत नाही. मासिकाला कळवायलाही नाही.

एवढंच जमतंय. झाकण मी ठेवलं नव्हतं. तू म्हणालीस ते खरं होतं. हे पत्र ज्याला दाखवायचं त्याला दाखव. विचारलं तर सही माझीच म्हणेन. आज तरी तसं वाटतंय.

तुझा असं लिहवत नाही.

गोकुळ साहेबराव ताठे