कोळशाचं घर

मंगळवार, ज्येष्ठ, शके १८७०. परतूर.

लेकाचा ताप उतरला. सुनेला सातवा महिना, पाय सुजलेत. माझे गुडघे बरे. गावचं घर जळाल्यापासून आम्ही या सरकीच्या कोठारात पडून आहोत. आज कोळशानं भिंतीवर तेच घर काढलं, उंबरा तेवढा सोडून. का सोडला? तो काढला की इथलेच झालो. मन धजलं न्हाई.

कोठाराचा मुनीम ओरडला, "म्हातारे, पूस जल्दी, न्हाईतर बिऱ्हाड उचल!"

मी भिंतीपुढंच उभी राहिले. सून म्हणाली, "आत्याबाई, या पोटासंगं मी कुठं जाऊ?"

पुसलं. पदर काळा झाला.

मंग तिनंच कोळसा घेऊन अंथरुणापुढं जमिनीवर आडवी रेघ ओढली. "हा उंबरा. पाय पुसून आत या, आत्याबाई."

पुसले, अन् आत गेले.