तिसऱ्यांदा नको

रविवार, ६ ऑक्टोबर

पिवळं कार्ड! डॉ. इनासबाईंची नवी टूम. बाई तीन वर्षं परदेशी शिकून अम्मानला परतल्या, आता आमच्या बालोपचार केंद्राच्या प्रमुख. प्रत्येक मुलाच्या कमरेला एक कार्ड, त्यावर पंजाचं चित्र. मुलानं ते आपल्या हातात दिलं की थांबायचं. तिथल्या तिथं. कारण विचारायचं नाही, गोड बोलायचं नाही. "रुबा, मूल तयार असेल तरच उपचार. त्यानं तयारी मागे घेतली की आपणही मागे." मी मान डोलावली. वरची जागा एकच आहे आणि नेमणूक डिसेंबरात. मान डोलवायला काय जातं!

माझ्या वाट्याला जूद. पाच वर्षांची, एक शब्द बोलत नाही, हात सारखे फडफडवते. तीस तारखेला शाळेची चाचणी. वीस मिनिटं खुर्चीत बसली तर प्रवेश, नाहीतर घरी. तिच्या आईनं, उम्म करीमनं, मला जिन्यातच गाठलं. "मिस रुबा, बसायला शिकवा. आणि एकदा तोंडातून काहीतरी निघू दे. बाकी काही मागत नाही."

मंगळवार, ८ ऑक्टोबर

पाऊण तासात अकरा वेळा कार्ड! मणी ओवायला घेतले — कार्ड. चित्रांच्या जोड्या — कार्ड. मी नुसतं "जूद" म्हटलं — कार्ड! दिलं की जाऊन खिडकीशी उभी. दोन-तीन मिनिटांनी आपणहून परत येते, जसं काही झालंच नाही. इनासबाई खूश. "बघ, आली ना परत!" आली हो. पण तोवर माझा तास संपला. मोठी सुलताना लागून गेली!

गुरुवार, १० ऑक्टोबर

घरी शेजारच्या उम्म नादेर आल्या होत्या. आईनं मआमूलची, खजूर भरलेल्या बिस्किटांची, ताटली पुढे केली.

"नको गं, वल्लाह, शपथेवर सांगते, पोट भरलंय."

"वल्लाह, घ्यायलाच हवा."

"नको म्हणते ना!"

"मी रुसेन हं."

"अगं नको—" आणि घेतला. एक नाही, दोन!

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे पहिल्या नकोला विचारतो कोण? पहिलं रिवाजाचं, दुसरं लाजेचं, खरं असलंच तर तिसरं. पहिल्या नकोला ताटली उचलणाऱ्या बाईला लोक कंजूष म्हणतील. मग एवढ्याशा पोरीच्या पहिल्या नकोवर मी का उठायचं?

रविवार, १३ ऑक्टोबर

उम्म करीमला सांगून टाकलं — कार्ड तिसऱ्यांदा दिलं तरच थांबणार.

"आणि डॉक्टरीणबाई?"

"त्यांना कशाला सांगायचं?"

ती हसली. "माझ्या सासूबाई अश्शाच वाढायच्या. ताटावर हात आडवा धरला तरी हातावर वाढतील!"

जूदनं कार्ड दिलं. मी हसून परत तिच्या कमरेला लावलं. "हात खाली, राणी. वल्लाह, झालंच आता." पुन्हा दिलं. पुन्हा लावलं. तिनं मान वर करून थेट माझ्या डोळ्यांत पाहिलं. पहिल्यांदाच! नोंद केली : नजरेला नजर दिली.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

कार्टी हुशार! आल्या आल्या लागोपाठ तीनदा दिलं. मोजायला शिकली की! पण मला राग आला. खरंच आला. एवढीशी पोर मला माझ्याच नियमात पकडते? कार्ड माझ्या अ‍ॅप्रनच्या खिशात टाकलं. ती जवळ आली, खिशात बोटं घालायला लागली. मी तिचे दोन्ही हात तिच्या मांडीवर दाबून धरले. "हात खाली, राणी. वल्लाह, झालंच आता." रडली. तोंड उघडं, आवाज नाही.

बारा मिनिटं बसली. विक्रम!

सोमवार, २१ ऑक्टोबर

सतरा मिनिटं. फडफड बंद.

बुधवार, २३ ऑक्टोबर

बावीस!! सगळे मणी ओवले. उठवली तेव्हा खुर्ची ओली. केव्हापासून त्यातच बसली होती, कोण जाणे. बाथरूम चार पावलांवर, दार उघडं. उठली नाही.

सफाईवाली बाई पुसता पुसता पुटपुटली, "लेकरानं सांगितलं कसं नाही?" कशानं सांगणार? कार्ड माझ्या खिशात. वाईट वाटलं मला, नाही असं नाही. तिचे कपडे बदलून वेणी घालताना माझी बोटं जरा हळू चालली. मग तक्ता भरला. बावीस मिनिटं. ओल्या खुर्चीसाठी तक्त्यात रकाना नाही.

रविवार, २७ ऑक्टोबर

इनासबाई तपासणीला. पाच मिनिटं आधी मी कार्ड तिच्या कमरेला लावलं. सगळ्यांदेखत दिलं तर माझा डिसेंबर बुडाला!

दिलं नाही. हातसुद्धा लावला नाही. मग बाईंनीच ते काढून तिच्या पुढ्यात टेबलावर ठेवलं. "जूद, नको असेल तर दे हं मला." जूदनं दोन्ही हात मांडीखाली घातले.

बाईंनी माझ्या तक्त्याची मागची पानं उलटून पाहिली. "रुबा, दहा-बारा दिवसांत एकदाही दिलं नाही हिनं?"

"वेळच आली नाही, डॉक्टर. रमलीय."

सही केली त्यांनी. बाहेर आल्यावर तक्त्यावरची ती सही पुन्हा पुन्हा पाहिली. आनंदानं, असं मीच मला सांगितलं.

बुधवार, ३० ऑक्टोबर

शाळेत घेतलं! उम्म करीम कुनाफा मिठाईचं भलं मोठं ताट घेऊन आली. मी दोनदा नको म्हटलं. तिसऱ्यांदा घेतलं.

शुक्रवार, १ नोव्हेंबर

सुट्टी. उम्म करीमनं व्हिडिओ पाठवलाय. जूद घरी खेळतेय. अंगात आईचा स्वयंपाकाचा अ‍ॅप्रन, पार जमिनीवर लोळणारा. समोर खुर्चीत बाहुली, बाहुलीच्या हातात पिवळ्या कागदाचा तुकडा. जूद तो घेते, परत देते. घेते, परत देते. तिसऱ्यांदा घेते आणि खिशात टाकते. मग बाहुलीचे दोन्ही हात दाबून धरते आणि स्पष्ट, माझ्याच सुरात म्हणते, "हात खाली, राणी. वल्लाह, झालंच आता."

मागे उम्म करीमचे आनंदाचे हुंदके. खाली तिनं लिहिलंय — पोर बोलली, मिस रुबा! अल्लाह तुमचे हात सुखरूप ठेवो!