तक्त्यात न घेतलेला मुलगा

आई, तुला जाऊन सतरा वर्षं झाली. तू आरोग्य उपकेंद्रात नर्स होतीस, म्हणून हे तुला लिहिते आहे. दुसऱ्या कुणाला सांगायचं तर आधी बरंच समजावत बसावं लागेल.

मी कुडाळला सोनोग्राफी करते. लहान मुलग्यांच्या वृषणांची वाढ कोणत्या वयात किती असते, ते मोजून आपल्याकडच्या मुलांचा तक्ता करायचं काम गेली दोन वर्षं चालू आहे. आजवर आम्ही परदेशी मुलांच्या आकड्यांशी ताडून बघत होतो. आई किंवा वडील शेजारी उभे असतात, जेल कोमट केलेलं असतं, दोन मिनिटांत लांबी, रुंदी, जाडी मिळते. अंगावर फिरवायचा प्रोब दाबायचा नसतो, दाबला की माप चुकतं. तक्ता निरोगी मुलांचाच हवा, म्हणून ज्याच्यात काही वेगळं दिसेल त्याच्यापुढे मी ‘वगळले’ असं लिहिते आणि पालकांना सर्जनसाठी चिठ्ठी देते.

मी बारा वर्षांची असताना तू मला लसीकरणाला बरोबर नेलं होतंस, कट्टा गावाच्या पलीकडच्या एका वाडीत. तू तळहात एकमेकांवर घासतेस आणि मग एका बाळाला हात लावतेस. एकाच बाजूला वृषणाची गोळी हाताला लागते, दुसरी उतरलेली नाही. तू त्याच्या आईला सांगतेस, वर्षाचा होईपर्यंत वाट बघायची, नाही उतरली तर ऑपरेशन. पुढच्या आठवड्यात तू मला घेऊन पुन्हा त्या घरी गेलीस. नंतर तिसऱ्यांदा, बाळाचा बाप घरी असेल अशी वेळ बघून. उन्हातून परतताना मी कुरकुरले की एकदा सांगितलंस ना, मग पुरे. तू चालता चालताच म्हणालीस, “सांगलंय ता खरा गो, पण तिका कळला काय, ता कोण बघतलो?”

मागच्या महिन्यात अहवालासाठी वगळलेल्या मुलांची कारणं लिहायला बसले. प्रत्येकाच्या कागदाला चिठ्ठीची प्रत जोडलेली होती. एकाच्या नव्हती. वय तेव्हा चार, उजवी बाजू रिकामी, वृषण जांघेत वर अडकलेलं. अक्षर माझं. त्या दिवशी बाहेर रांग होती. आमच्याकडचे बालरोगतज्ज्ञ पालकांना सांगतील असं मी धरलं, मी सांगितलं असेल असं त्यांनी धरलं. मी ‘वगळले’ लिहून पुढच्या मुलाला आत घेतलं होतं.

मी त्याच्या घरी गेले. तो आता साडेपाच वर्षांचा आहे. त्याची आई काजूच्या कारखान्यातून नुकतीच आली होती, बोटं चिकानं काळी झालेली. तिने मला खुर्ची दिली, सरबत केलं. मी कागदावर आकृती काढून सगळं समजावलं. सर्जनची वेळ आधीच घेतली होती, तीही सांगितली. हे ऑपरेशन मूल दीड वर्षाचं व्हायच्या आत व्हायला हवं असतं, उशीर झाला की पुढे त्रास होऊ शकतो, म्हणून आता थांबायचं नाही, असं म्हणाले. तिने आकृती हातात घेऊन पाहिली. मग तिने विचारलं, “तेवा तपासलास, तेवा ह्या सांगलेलास काय, मॅडम?”

मी म्हणाले, “तेव्हा सांगितलं होतं.”

शांतपणे म्हणाले. ऑफिसात बोलतो तसल्या मराठीत.

ती लगेच मान हलवायला लागली. “सांगलासच असतलास. माज्याच ध्यानात ऱ्हवाक नाय. चुकला माजा.” मुलाला जवळ ओढून तिने त्याच्या केसांवरून हात फिरवला आणि पुन्हा तेच म्हणाली.

ऑपरेशन झालं, ठीक झालं. उशिराने नेमकं किती नुकसान झालं ते सर्जनलाही सांगता येत नाही. सर्जनला टाके दाखवायला मुलाला आणलं तेव्हा ती माझ्याकडे काजूगराची पिशवी घेऊन आली होती आणि पुन्हा माफी मागत होती. मला खरं सांगता आलं असतं. खोलीत आम्ही तिघंच होतो.

मी पिशवी घेतली, आई. म्हटलं, असू दे, होतं असं कधी कधी.