फळीवरच्या पट्ट्या

शुक्रवार पेठ, सोलापूर
डिसेंबर १९७४

प्रिय शकू,

तुला आठवत असेल, त्या सकाळी काटक्या ओल्या होत्या. मी फुंकणीनं चूल फुंकत होते, तू अंगण झाडत होतीस, आणि तुझे अप्पा नाक पुसत पुसत भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या दोऱ्यात ओवत होते. माग अशा पट्ट्यांची भोकं वाचूनच नक्षी विणतो, आणि जन्मभर अप्पांनी व्यापाऱ्यांनी सांगितलेल्या नक्ष्यांच्या पट्ट्या केल्या. जोंधळ्याच्या कणसाची ही एक नक्षी तेवढी त्यांची स्वतःची. ती विणायला कारखान्याच्या मालकांनी सुट्टीच्या दिवशी एक माग द्यायचं कबूल केलं होतं. पण सर्दीनं डोकं जड झालं, अंग तापलं. मी आल्याचा काढा दिला, तसे ते अंथरुणावर टेकले आणि म्हणाले, "पुढल्या सुट्टीला चढवू की. पट्ट्या कुटं पळून जात्यात?"

पळाल्या नाहीत. पुढल्या सुट्टीला मोठी ऑर्डर आली, मग वीज नव्हती, मग मालकांनी विषय काढला नाही, आणि मग अप्पाच गेले. पट्ट्या मी त्यांच्या धोतरात बांधून फळीवर ठेवल्या. दर दिवाळीला गाठोडं खाली काढायचं, फळी पुसायची, परत वर ठेवायचं.

मी तुला एकदा विचारलं होतं, पुण्याला प्रयोगशाळेत जाऊन सर्दीत काय शोधता गं? तू अप्पांच्या भाषेत उत्तर लिहिलंस. पेशीच्या गाभ्यात तिची नक्षी असते, तिच्या नकला निघतात आणि त्या वाचून पेशी आपलं काम विणते. सर्दीचा विषाणू आत शिरला की ती नक्षी फाडत नाही. नव्या नकला निघू देत नाही, जुन्या वाचू देत नाही, आणि तोच माग स्वतःच्या पट्ट्यांवर चालवतो. पेशी मरेपर्यंत राबते, पण दुसऱ्याचं विणते. हे तो नेमकं कसं साधतो ते अजून पुरतं कळलेलं नाही, तेच तुम्ही बघता. खाली लिहिलं होतंस, "मूळ पट्ट्या जागेवरच असतात आई, फक्त त्या कुणी वाचत नाही." मी तुझ्या पहिलीच्या पुस्तकावर वाचायला शिकले. तेव्हापासून पुष्कळ वाचलं, पण मनाला एवढं लागलेलं वाक्य दुसरं नाही.

शेजारच्या सुंदरम्माला वाचून दाखवलं. ती म्हणाली, म्हणजे सर्दी ही सासूच की. दोघी हसलो.

सोमवारी तुझं नवं पत्र आलं. रेवणसिद्धच्या घरच्यांना वाटतं, लग्नानंतर तू प्रयोगशाळा सोडून त्यांच्या गावी, मैंदर्गीला राहावंस. तू माझं मत विचारलंस, आणि पुढे स्वतःच लिहिलंस, "दोन-चार वर्षांनी पुन्हा सुरू करीन. काम कुठं पळून जातंय?" ते वाचून माझी नजर फळीवर गेली. मुलगा चांगला आहे. त्याची माणसंही वाईट नाहीत. मालकही वाईट नव्हते गं. तू काय करावंस ते मी सांगणार नाही, पण हे पत्र त्यासाठीच आहे.

सोबतची चादर अंगावर घे. प्रत्येक कणसात एक ओळ चुकली आहे. पट्ट्यांचा जुना दोरा कुजला होता, नवा घालताना एक पट्टी माझ्या हातून उलटी ओवली गेली. अप्पांच्या हाताखाली शिकलेला कुंडलिक आता स्वतःचा माग चालवतो. तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी फळीवरचं गाठोडं काढलं आणि त्याच्याकडे नेऊन पट्ट्या मागावर चढवल्या.

तुझीच,
आई