पुराव्याशिवाय वाघ नाही

२० मार्च २०२३
गावच्या 'आपलं एकोडी' या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन झालो. सुखरामने स्वतःहून सोपवलं. "घ्या भैय्याजी, माह्यं डोस्कं फिरून गेलं," म्हणाला. त्याला जमणारच नव्हतं. तीस वर्षं लिपिक होतो, मला हे काय अवघड! धोरण: पूर्ण स्वातंत्र्य, थोडी शिस्त.

२२ मार्च
दिवसभरात ग्रुपवर चार वाघ. एकाच्या मागे नारळाची झाडं, दुसऱ्याच्या मागे चक्क बर्फ. ऐन मोहफुलांच्या दिवसांत बायका घाबरल्या. वेचायला कुणीच गेलं नाही, फुलं झाडाखाली सडली. हे चालणार नाही.

२३ मार्च
नियम टाकला: पुराव्याशिवाय वाघ नाही. फोटो हवा आणि त्यात गावची ओळखीची खूण हवी. गावच्या आशा सेविका दीपमालाताई म्हणाल्या, "वाघ दिसला त माणूस पळन का फोटू काढन?" भावनिक मुद्दा. दुर्लक्ष केलं.

२७ मार्च
सुखरामने नाल्याकाठच्या पंजाचा फोटो टाकला. कुत्र्याचा असावा. डिलीट. त्याने पुन्हा टाकला, शेजारी स्वतःची चप्पल ठेवून. चप्पल ही गावची खूण नव्हे. डिलीट.
सुखराम थेट घरी. "कुत्र्याचा पंजा माह्या चपलेएवढा रायते का?" मी अत्यंत शांत होतो. त्याला पाणी दिलं. थोडं सांडलं, कारण पेला काठोकाठ भरला होता.

२८ मार्च
बायकोने, सत्यभामाने, विचारलं, "मोह येचाले जाऊ का नोको?" ग्रुपवर अधिकृत काही नाही, निर्धास्त जा, म्हणालो. टोपली भरून आली. नियम यशस्वी!
ती येईपर्यंत चहा घशाखाली उतरला नाही. ॲसिडिटी वाढली आहे.

३१ मार्च
ग्रुपवर मला हुकूमशहा म्हटलं गेलं. म्हणून सेटिंग बदललं: मेसेज फक्त ॲडमिन टाकणार. बाकीच्यांनी मला पाठवावा, मी तपासून टाकीन. बोलण्याचं स्वातंत्र्य पूर्वीइतकंच आहे, फक्त माझ्यामार्फत.

१ एप्रिल
ग्रुपवर काय शांतता! तपासायला ढीगभर मेसेज आले, सगळे वाघाचे. फोटो एकालाही नाही. प्रत्येकाला उत्तर दिलं: "फोटो?"
संध्याकाळी शेजारच्या उषाबाई दारात. नाल्याकडे जाऊ नका, असं बायका घरोघरी सांगत फिरताहेत म्हणे. सत्यभामा मागे गोठ्यात होती. उषाबाईंना दारातूनच परत पाठवलं. अफवा घरात नको.

२ एप्रिल, दुपार
क्रमाने लिहितो.
सत्यभामा उजाडायच्या आत मोह वेचायला नाल्याकडे गेली. तिथून फोन: "आज बाकीच्या दिसून नाई राहिल्या." आळशी आहेत, म्हणालो.
थोड्या वेळाने तिचा मेसेज. "वाघ हाय. मी झाडावर चढली." आणि माझी बोटं... सवयच पडली होती. "फोटो?" असं उत्तर गेलं.
मग कळलं, कुणाला पाठवलं ते.
ग्रुपवर लिहिलं: वाघ आला, धावा. कुणी पाहिलंच नाही. सगळ्यांनी ग्रुप म्यूट केला आहे म्हणे. अनवाणी सुखरामकडे पळालो. वाघ, सत्यभामा, नाला, एवढंच म्हणालो. त्याने पुरावा मागितला नाही. माणसं गोळा केली, डबे बडवत सगळे नाल्याकडे निघाले. मी मागे होतो. इतका कधीच घाबरलो नव्हतो.
वाघ निघून गेला होता. सत्यभामा खाली उतरली, गुडघे सोललेले. दीपमालाताईंनी पाणी पाजलं. तिने उषाबाईंना विचारलं, "मले काहून नाई सांगतलं?"
"आली होती ना मी. भैय्याजीनं दारातूनच वापस धाडलं."
सत्यभामाने माझ्याकडे पाहिलं नाही.

३ एप्रिल
सकाळीच ग्रुप सर्वांसाठी खुला केला. लिहिलं: कुणीही, काहीही, केव्हाही टाका. दिवसभर कुणी काही टाकलं नाही. लोक विचार करत असावेत.
संध्याकाळी एक मेसेज आला. सत्यभामाचा. नुसता फोटो, हललेला. वरून काढलेला. मोहाचं खोड, उलटी पडलेली टोपली, आणि टोपलीला नाक लावून वाघ.
म्हणजे मी मागितला, म्हणून तिने तिथे, एका हाताने फांदी धरून, फोटो काढला होता.
पाठोपाठ दुसरी ओळ आली: सत्यभामा ग्रुपमधून बाहेर पडल्या.
ती आत स्वयंपाक करते आहे. जेवायला हाक येईल म्हणून मघापासून इथेच बसलो आहे. आत जायचा धीर होत नाही.